सांख्यिकी आणि संभाव्यतेचा घरचा सराव: सहावी ते आठवीच्या पालकांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी

सांख्यिकी मुलांना सोपी वाटते, कारण बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडची आकडेमोड तिच्यात फारशी नसते. तरीही तिच्यातली उदाहरणे हमखास चुकतात, आणि चुकलेले उत्तर पाहूनही मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही. घरच्या आणि शेजारच्या मुलांचा हा सराव मी काही वर्षे घेत आले आहे. सूत्र पाठ नसल्यामुळे होणाऱ्या चुका त्यात थोड्याच असतात. हाती आलेले उत्तर समोरच्या माहितीला शोभते की नाही, हे विचारण्याची सवयच नसल्यामुळे बहुतेक चुका होतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत एकच क्रम पाळलेला आहे: आधी अंदाज वहीत लिहायचा, मग आकडेमोड करायची, आणि शेवटी आलेल्या उत्तराचा अर्थ एका पूर्ण वाक्यात लिहायचा. या तीन गोष्टींपैकी एकही गाळू नये.

१. कोणत्या इयत्तेत काय आहे, ते आधी पाहून घ्या

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या ज्या पुस्तकांवरून मी सराव घेत आले, त्यांत सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, सरासरी आणि वारंवारता सारणी, तर आठवीला वारंवारता सारणीवरून सरासरी, विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख येतो. मध्यक आणि बहुलक नववीत, तर वृत्तालेख (वर्तुळाचे भाग पाडून काढलेला आलेख) आणि संभाव्यता दहावीत शिकवली जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत मध्यक, बहुलक आणि शक्यतेची ओळख याहून आधीच होत आलेली आहे. पालकांची बदली झाल्यामुळे मंडळ बदललेल्या मुलांची इथे फार ओढाताण होते, कारण नव्या वर्गात जे ‘मागच्या वर्षी झालेले’ धरले जाते, ते या मुलांनी पाहिलेलेच नसते. अभ्यासक्रम बदलत असल्याने हाती असलेल्या पुस्तकाची आवृत्ती आणि अनुक्रमणिका तपासून मगच सरावाला बसावे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. मागच्या आणि पुढच्या इयत्तेचेही पुस्तक उतरवून ठेवावे.

सेमी इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांसाठी वहीच्या पहिल्या पानावर संज्ञांच्या जोड्या लिहून ठेवणे उपयोगी पडते: सरासरी किंवा मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, वारंवारता म्हणजे फ्रिक्वेन्सी, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी. मध्य आणि मध्यक या दोहोंची गल्लत फार होते, म्हणून घरी तरी सुरुवातीला ‘मध्य’ऐवजी ‘सरासरी’ हाच शब्द वापरावा, असे मी सुचवेन.

संभाव्यता आठवीपर्यंत अभ्यासक्रमात नसली, तरी तिचा खेळाच्या रूपाने सराव सहावीपासून करण्याला कोणतीच आडकाठी नाही. उलट दहावीत परीक्षेच्या धास्तीने हा विषय पहिल्यांदा भेटण्यापेक्षा, आधीच हाताखालून गेलेला असणे मुलाच्या कितीतरी फायद्याचे ठरते.

२. साहित्य जमवा

लागणाऱ्या वस्तू बहुतेक घरातच सापडतात:

- चौकटीची वही, पट्टी, टोकदार पेन्सिल, कंपास आणि कोनमापक
- एक रुपयाचे एक आणि पाच रुपयांचे एक नाणे (दोन्ही नाणी एकसारखी नकोत, कारण आठव्या पायरीत कळेल)
- लुडोचे दोन वेगवेगळ्या रंगांचे फासे
- आतले दिसणार नाही अशी कापडी पिशवी आणि एकाच आकाराची, दोन रंगांची बटणे
- चार मोठे चिंचोके, मधोमध फोडलेले. प्रत्येकाची एकच फोड घ्यायची (अडकित्त्याने फोडायचे असल्यास ते काम मोठ्या माणसानेच करावे)
- थंडीच्या दिवसांत मटाराच्या शेंगा. एरवी भुईमुगाच्या शेंगा किंवा एखादे जुने वर्तमानपत्र

कॅल्क्युलेटर आणि संगणकावरची तक्त्यांची प्रणाली पहिल्या काही आठवड्यांत बाजूला ठेवावी. संगणक एका क्षणात आलेख काढून देतो, पण प्रमाण कसे ठरले हे मुलाला दिसत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट शिकायची असते.

३. माहिती मुलालाच गोळा करू द्या

पुस्तकातली माहिती नीटनेटकी करून दिलेली असते, त्यामुळे ती कुठून आली आणि मोजताना कोणते निर्णय घ्यावे लागले, हे मुलाला कळत नाही. म्हणून पहिला सराव मटाराच्या २० शेंगांचा घ्यावा. शेंगा सोलण्यापूर्वी मुलाला विचारावे: एका शेंगेत साधारण किती दाणे निघतील? सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती? ही तिन्ही उत्तरे तारखेसह वहीत लिहून घ्यावीत.

दोन-तीन शेंगा सोलल्या की एक खरा प्रश्न पुढे येतो. शेंगेच्या टोकाशी मोहरीएवढा, अर्धवट राहिलेला दाणा असतो. तो मोजायचा की नाही? मुलाला नियम स्वतः ठरवू द्यावा, तो वहीत लिहायला लावावा, आणि एकदा ठरलेला नियम शेवटच्या शेंगेपर्यंत बदलू देऊ नये. ‘बोटाने दाबल्यावर चपटा होतो तो मोजायचा नाही’ असा नियम चालेल, ‘फार बारीक असेल तर नाही’ असा चालणार नाही, कारण फार बारीक म्हणजे किती, यावर दहाव्या शेंगेला वाद होतोच. जनगणनेपासून पीकपाहणीपर्यंत प्रत्येक मोजणीच्या आधी असेच नियम ठरवावे लागतात, हे इथे सांगितले तर मुलाला सहज पटते.

समजा, निरीक्षणे अशी मिळाली:

६, ७, ५, ८, ६, ४, ७, ६, ९, ६, ५, ७, ३, ६, ८, ७, ५, ६, ७, ६

आता वारंवारता सारणी, म्हणजे कोणते निरीक्षण किती वेळा आले याचा तक्ता. बहुतेक मुले आधी सगळे ३ शोधतात, मग सगळे ४, मग सगळे ५, आणि या शोधाशोधीत एखादे निरीक्षण सुटते किंवा दोनदा मोजले जाते. योग्य रीत अशी, की निरीक्षणे ओळीने एकदाच वाचत जायची, प्रत्येक निरीक्षणासाठी त्याच्या रांगेत ताळ्याची खूण करायची आणि वाचलेल्या संख्येवर पेन्सिलीने टिंब द्यायचे. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. सारणी अशी तयार होईल: ३ दाण्यांची १ शेंग, ४ दाण्यांची १, ५ दाण्यांच्या ३, ६ दाण्यांच्या ७, ७ दाण्यांच्या ५, ८ दाण्यांच्या २ आणि ९ दाण्यांची १. सर्व वारंवारतांची बेरीज २० येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि सांख्यिकीतल्या निम्म्याअधिक हिशेबी चुका तिथेच पकडल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

४. आलेख काढताना आधी प्रमाण ठरवा

स्तंभालेखात मुले थेट पहिला स्तंभ काढायला घेतात आणि सर्वांत मोठी संख्या कागदाबाहेर जाते. म्हणून आधी सर्वांत मोठी संख्या शोधावी, कागदाची उंची पाहावी, १ सेमी म्हणजे किती हे ठरवावे आणि ते प्रमाण आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात लिहावे. स्तंभांची रुंदी सारखी हवी, त्यांमधील अंतर सारखे हवे, आणि दोन्ही अक्षांवर काय दाखवले आहे हे लिहिलेले हवे. प्रमाण लिहायचे राहिले तर आलेख बरोबर असूनही परीक्षेत गुण कापले जातात.

यापुढची गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या पलीकडची असली, तरी मला ती फार महत्त्वाची वाटते. दोन वर्गांनी ९० आणि ९५ रोपे लावली असे समजून मुलाला दोन आलेख काढायला लावावेत: एकात उभा अक्ष ० पासून सुरू होतो, दुसऱ्यात ८५ पासून. दुसऱ्या आलेखात एका स्तंभाची उंची ५ एककांची आणि दुसऱ्याची १० एककांची, म्हणजे बरोबर दुप्पट दिसते. संख्या त्याच असताना चित्र बदलले. हे एकदा स्वतःच्या हाताने काढले, की वर्तमानपत्रातल्या आणि जाहिरातीतल्या आलेखांत मूल पहिल्यांदा अक्षाची सुरुवात पाहते.

शतमान स्तंभालेखात, म्हणजे शेकडेवारी दाखवणाऱ्या स्तंभालेखात, एकूण संख्या वेगवेगळ्या असलेल्या दोन गटांची तुलना करता येते. एका शाळेने ६० रोपे लावली, त्यांतली ४२ जगली. दुसरीने १५० लावली, त्यांतली ९० जगली. जगलेली रोपे दुसरीकडे जास्त आहेत, पण शेकडेवारी पहिलीची ७०, तर दुसरीची ६० आहे. ‘कोणाचे काम चांगले?’ असा प्रश्न विचारून मुलाला दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे.

वृत्तालेखासाठी प्रत्येक घटकाचा केंद्रीय कोन काढायचा: घटकाची संख्या भागिले एकूण संख्या, गुणिले ३६०. वर्गातील ४० मुलांपैकी १८ चालत, १० सायकलने, ८ एसटीने आणि ४ रिक्षाने येत असतील, तर कोन अनुक्रमे १६२, ९०, ७२ आणि ३६ अंशांचे होतात. कोनांची बेरीज ३६० झाली का, ते पाहावे. शतमान आणि अंश यांची सरमिसळ करून ४५ टक्क्यांसाठी ४५ अंशांचा कोन काढणे, ही इथली नेहमीची चूक.

५. सरासरी: आधी समपातळी, मग सूत्र

‘बेरीज भागिले संख्या’ हे सूत्र मुलांना तोंडपाठ असते, पण सरासरी म्हणजे काय, या प्रश्नावर ती गप्प होतात. नाण्यांच्या तीन चळती मांडाव्यात: २, ५ आणि ८ नाण्यांच्या. मोठ्या चळतीतली नाणी लहानीवर ठेवत तिन्ही सारख्या उंचीच्या करायला सांगावे. तिन्ही ५ च्या झाल्या की हीच सरासरी, हे डोळ्यांना दिसते. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात खड्ड्याचे घनफळ काढण्यासाठी हीच रीत दिली आहे: खड्ड्याची रुंदी किंवा खोली सगळीकडे सारखी नसेल, तर ती अनेक ठिकाणी मोजावी आणि मापांच्या बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागावे. सूत्रामागे समपातळीची कल्पना आहे, हे या उदाहरणाने पक्के होते.

आता मटाराकडे परत येऊ. सारणीवरून सरासरी काढताना प्रत्येक दाणेसंख्येला तिच्या वारंवारतेने गुणायचे: ३ + ४ + १५ + ४२ + ३५ + १६ + ९ = १२४. शेंगा २०, म्हणून सरासरी ६.२ दाणे. इथे मुले दोन प्रकारे चुकतात. काही जण १२४ ला ७ ने भागतात, कारण सारणीत रांगा ७ दिसतात, उत्तर १७.७ येते. एकाही शेंगेत ९ पेक्षा जास्त दाणे नसताना सरासरी १७ कशी असेल, हा प्रश्न मुलाने स्वतःच विचारला पाहिजे. सरासरी नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या निरीक्षणाच्या दरम्यानच असते. दुसरी चूक अधिक धोक्याची, कारण तिचे उत्तर बरोबर असल्यासारखे दिसते: वारंवारता विसरून ३ ते ९ या सात संख्यांचीच सरासरी काढली जाते आणि ती ६ येते. ६ आणि ६.२ यांत फरक कमी असल्याने मूल समाधानी होते. म्हणून उत्तर तपासताना केवळ उत्तर न पाहता गुणाकाराचा रकाना आहे की नाही, हे पाहावे.

पडताळ्याची एक सुंदर रीत आहे. ६ ही सरासरी गृहीत धरावी आणि प्रत्येक शेंगेचा ६ पासूनचा फरक घ्यावा. कमी असलेल्यांचे फरक एकूण ८ (३, २ आणि पाचवाल्या तीन शेंगांचे ३), जास्त असलेल्यांचे एकूण १२ (सातवाल्या पाचांचे ५, आठवाल्या दोघांचे ४, नऊवाल्याचे ३). निव्वळ अधिक ४ उरतात. ते २० शेंगांत वाटले की ०.२. म्हणून सरासरी ६ + ०.२ = ६.२. मोठ्या संख्यांच्या उदाहरणात ही रीत वेळ वाचवते, आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत तिचा चांगला उपयोग होतो.

आणखी दोन सापळे नीट समजावून द्यावे लागतात.

पहिला शून्याचा. आठवड्यातील पाऊस मिलिमीटरमध्ये ०, १२, ०, ३०, ८, ०, २० असा असेल, तर एकूण ७० आणि रोजची सरासरी १० मिमी. पाऊस न पडलेले दिवस गाळून ४ ने भागले तर १७.५ येते. प्रश्न ‘आठवड्यातील रोजची सरासरी’ असा असेल, तर कोरडे दिवसही मोजलेच पाहिजेत. ‘पाऊस पडलेल्या दिवसांची सरासरी’ विचारली असेल, तरच ४ ने भागायचे.

दुसरा, सरासरींची सरासरी. एका तुकडीत ३० मुले, सरासरी गुण ६०; दुसरीत २० मुले, सरासरी ७०. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी ६५ नव्हे. एकूण गुण १८०० अधिक १४००, म्हणजे ३२००; मुले ५०; सरासरी ६४. मोठ्या तुकडीचे पारडे जड असल्याने उत्तर तिच्या बाजूला सरकते.

सरासरी पुष्कळ काही झाकून ठेवते, हेही याच वयात सांगावे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे होती. पण त्याच जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची घनता ७४ आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे २१ हजार होती. ३६५ हा आकडा अचूक आहे, आणि तरीही तो या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला आपला वाटणार नाही. अशा आकड्याबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे निरीक्षणही लिहायची सवय लावावी.

६. मध्यक आणि बहुलक

सात मुलांना शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे ५, ८, १०, १०, १२, १५ आणि ४५ आहेत असे समजा. सरासरी १५ येते. पण सातांपैकी पाच मुले १५ मिनिटांच्या आतच पोहोचतात; एका लांबून येणाऱ्या मुलाच्या ४५ मिनिटांनी सरासरी वर ओढली आहे. निरीक्षणे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, १० आहे आणि तो या गटाचे अधिक खरे वर्णन करतो. ४५ च्या जागी ९० घातले तर सरासरी किती होते आणि मध्यक किती राहतो, हे मुलालाच करून पाहू द्यावे.

मध्यकातली नेहमीची चूक एकच: निरीक्षणे क्रमाने न लावता दिलेल्या यादीतली मधली संख्या उचलणे. निरीक्षणांची संख्या सम असेल तर मधल्या दोहोंची सरासरी घ्यायची. आपल्या २० शेंगांत १० वे आणि ११ वे निरीक्षण ६ असल्याने मध्यक ६ आहे. बहुलक म्हणजे सर्वाधिक वेळा आलेले निरीक्षण. इथे तोही ६. ‘७ वेळा आला’ म्हणून ७ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. बहुलक दोन असू शकतात किंवा एकही नसू शकतो. आवडता खेळ किंवा शाळेत येण्याचे साधन अशा माहितीची सरासरी काढताच येत नाही, तिथे बहुलकच कामाला येतो.

७. संभाव्यता: आधी प्रयोग, मग अपूर्णांक

सुरुवात बोलण्यातून करावी. ‘उद्या सूर्य उगवेल’, ‘लुडोच्या एका फाशावर ७ पडतील’, ‘नाण्यावर छापा येईल’ ही विधाने निश्चित, अशक्य आणि त्यांच्या दरम्यान अशी एका रेघेवर मांडायला सांगावीत. रेघेच्या एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. यातून संभाव्यता कधीही १ पेक्षा जास्त किंवा ऋण नसते, हे नियम म्हणून सांगावे लागत नाही.

मग नाणे. मुलाला आधी नाणे न उडवता, मनानेच, २० फेकींची ‘खरी वाटेल अशी’ छापा-काट्याची यादी लिहायला सांगा. त्यानंतर नाणे खरोखर २० वेळा उडवून दुसरी यादी करा. मनाने लिहिलेल्या यादीत छापा आणि काटा फार लवकर आलटूनपालटून येतात. खऱ्या यादीत मात्र सलग चार वेळा तेच पडलेले बहुधा सापडते. हा प्रयोग मला सर्वांत आवडतो, कारण तीन वेळा छापा आल्यावर आता काटा ‘यायलाच हवा’ हा समज त्याने हलतो. नाण्याला मागचे काही आठवत नसते, प्रत्येक फेकीला संभाव्यता १/२ च राहते.

त्यानंतर फेकी वाढवत न्याव्यात. १०, २०, ५० आणि १०० फेकींनंतर छाप्यांची एकूण संख्या आणि तिचे एकूण फेकींशी गुणोत्तर दशांशात लिहावे. इथे इतिहासातले प्रयोग सांगितले तर मुले मन लावून ऐकतात. फ्रान्सच्या ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ४,०४० फेकी केल्या, त्यांत २,०४८ छापे आले. कार्ल पिअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञाने २४,००० फेकी केल्या, छापे १२,०१२. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच या गणितज्ञाने १०,००० फेकींची नोंद केली, छापे ५,०६७. गुणोत्तरे अनुक्रमे ०.५०६९, ०.५००५ आणि ०.५०६७. मुलाला विचारावे, की केरिचच्या १०,००० फेकींत निम्म्यापेक्षा ६७ छापे जास्त असूनही गुणोत्तर ०.५ च्या इतके जवळ कसे? फेकी वाढल्या की गुणोत्तर स्थिरावते. छापे आणि काटे यांची संख्या तंतोतंत सारखी होईलच, असे नाही.

८. नमुना अवकाश पूर्ण लिहा

प्रयोगात येऊ शकणारा प्रत्येक परिणाम म्हणजे निष्पत्ती, आणि अशा सर्व निष्पत्तींची यादी म्हणजे नमुना अवकाश. आता एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे नाणे एकाच वेळी उडवा. बहुतेक मुले तीन निष्पत्ती सांगतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक, आणि प्रत्येकीची संभाव्यता १/३ ठरवतात. नाणी वेगवेगळी घ्यायला सांगितली ती इथल्यासाठी. एक रुपयावर छापा व पाचावर काटा ही एक निष्पत्ती, आणि एक रुपयावर काटा व पाचावर छापा ही दुसरी. एकूण निष्पत्ती चार, म्हणून एक-एक येण्याची संभाव्यता २/४, म्हणजे १/२. मुलाची चूक झाल्यास त्याला रागावू नये. दालांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशातील लेखात अगदी असाच घोटाळा केला होता: दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ असताना त्याने २/३ सांगितली, कारण समसंभाव्य (घडण्याची शक्यता सारखीच असलेल्या) नसलेल्या तीन शक्यता त्याने समसंभाव्य धरल्या.

दोन फाशांसाठी सहा रांगा आणि सहा स्तंभांची चौकट आखावी आणि प्रत्येक घरात बेरीज लिहावी. ३६ घरांपैकी ७ ही बेरीज सहा घरांत, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच घरात दिसते. निष्पत्ती मनातल्या मनात आठवून लिहू देऊ नयेत. चौकट किंवा क्रमवार यादी केल्याशिवाय एखादी तरी सुटतेच.

पिशवीत ३ लाल आणि ५ हिरवी बटणे असतील, तर न पाहता लाल निघण्याची संभाव्यता ३/८. मुले ३/५ लिहितात, कारण ती लालची तुलना हिरव्यांशी करतात. छेदात एकूण निष्पत्ती हव्यात, हे वाक्य त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. लाल न निघण्याची संभाव्यता मोजून काढावी आणि १ − ३/८ = ५/८ याच्याशी ताडून पाहावी.

९. चिंचोके: जिथे सूत्र एकटे पुरत नाही

कवड्यांनी किंवा फोडलेल्या चिंचोक्यांनी खेळायचे पटावरचे खेळ अनेक घरांत अजून खेळले जातात, आणि संभाव्यतेच्या सरावाला यापेक्षा चांगले साधन मला तरी ठाऊक नाही. चिंचोक्याच्या फोडीची एक बाजू पांढरी, दुसरी सालीची काळपट. चार फोडी टाकल्या की ० ते ४ पांढऱ्या बाजू वर येतात. प्रत्येक फोड पांढरी किंवा काळी पडण्याची शक्यता सारखीच आहे असे धरले, तर एकूण १६ निष्पत्ती होतात आणि ०, १, २, ३, ४ पांढऱ्या पडण्याचे प्रकार अनुक्रमे १, ४, ६, ४, १. मुलाकडून या सोळाही निष्पत्ती लिहून घ्याव्यात.

मग चारही फोडी ८० वेळा टाकून नोंद करावी. फोडी समसंभाव्य असत्या, तर ५, २०, ३०, २०, ५ यांच्या आसपासचे आकडे मिळाले असते. प्रत्यक्षात फोडीची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असल्यामुळे आकडे एका बाजूला झुकलेले निघू शकतात. तसे झाले तर मुलाला विचारावे, की चूक मोजणीत आहे, गृहीतकात आहे, की हा निव्वळ योगायोग आहे? हे ठरवण्यासाठी एकच फोड १०० वेळा टाकून ती किती वेळा पांढरी पडते, ते पाहावे. नाणे आणि फासा यांच्यासाठी निष्पत्ती मोजून उत्तर मिळते. चिंचोका आणि कवडी यांच्यासाठी मात्र प्रयोगच करावा लागतो. ‘येईल किंवा येणार नाही, म्हणून १/२’ हा मुलांचा आवडता युक्तिवाद इथे आपोआप मोडतो.

१०. सरावाचे नियोजन आणि तपासणी

आठवड्यातून दोन वेळा, पाऊण तास पुरतो. एका बैठकीत माहिती गोळा करावी किंवा प्रयोग करावा, दुसरीत पुस्तकातली उदाहरणे सोडवावीत. एकाच दिवशी सरासरीची वीस उदाहरणे देण्यापेक्षा, सरासरी, मध्यक आणि आलेख यांची मिसळ केलेली सहा उदाहरणे द्यावीत, म्हणजे कोणती रीत वापरायची हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. अंदाज, आकडेमोड आणि अर्थाचे वाक्य या तिन्हींसाठी वहीत तीन स्वतंत्र जागा आखून ठेवाव्यात.

महिन्याभराने पुढील पाच प्रश्न द्यावेत.

अ) पाच चाचण्यांची सरासरी ७२ आहे. चार चाचण्यांचे गुण ६८, ७५, ७० आणि ८० आहेत. पाचव्या चाचणीत किती? (उत्तर ६७. पाचवे गुण न शोधता चारांचीच सरासरी काढणारे मूल प्रश्न पूर्ण वाचत नाही. त्याच्याकडून नाण्यांच्या चळतींचा खेळ उलट्या बाजूने करून घ्यावा.)

आ) नऊ संख्यांमधील सर्वांत मोठी संख्या ३० ऐवजी ९० केली. मध्यक बदलेल का? सरासरी कितीने वाढेल? (मध्यक तोच राहील, सरासरी ६०/९, म्हणजे ६ पूर्णांक २/३ ने वाढेल. चुकल्यास सहाव्या पायरीतले शाळेच्या वाटेचे उदाहरण पुन्हा सोडवावे.)

इ) ५० झाडांपैकी १५ आंब्याची आहेत. वृत्तालेखात आंब्याचा केंद्रीय कोन किती? (१०८ अंश. उत्तर ३० आले, तर मुलाने शेकडेवारीवरच थांबून अंश काढलेले नाहीत.)

ई) दोन फाशांची बेरीज १० किंवा त्याहून जास्त येण्याची संभाव्यता किती? (६/३६ = १/६. उत्तर ४/३६ आले, तर ४-६ व ६-४ आणि ५-६ व ६-५ या जोड्या एकदाच मोजल्या गेल्या आहेत. दोन रंगांच्या फाशांनी चौकट पुन्हा आखून घ्यावी.)

उ) नाण्यावर सलग पाच वेळा छापा आला. सहाव्या वेळी काटा येण्याची संभाव्यता किती? (१/२. मुलाने याहून जास्त सांगितली, तर सातव्या पायरीतल्या दोन याद्या काढून खऱ्या यादीतल्या सलग छाप्यांनंतर प्रत्येक वेळी काय आले, ते त्याच्याकडून मोजून घ्यावे.)